इतिहासातली पीएचडी: शैक्षणिक ओळख, संशोधनाची आवड आणि अध्यापनाची भूमिका दोन पानांत कशी मांडावी?

शिवनेरी_वाचक:

नमस्कार मंडळी. इतिहास विभागाने पीएचडीच्या विद्यार्थ्यांकडून दोन पानी परिचय मागवला आहे. त्यात शैक्षणिक पार्श्वभूमी, संशोधनातली आवड आणि अध्यापनाकडे बघण्याची दृष्टी, असे तीन भाग हवेत. पुढे सहायक प्राध्यापकपदाच्या अर्जालाही हाच मजकूर जोडायचा आहे, म्हणून तो नीट व्हावा असे वाटते.

माझी माहिती अशी: बी.ए. आणि एम.ए. इतिहास, सेट उत्तीर्ण, मोडीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, कोर्सवर्क पूर्ण. विषय 'पेशवेकाळातील वतनाचे तंटे आणि न्यायव्यवस्था: प्रांत जुन्नर'. वतन म्हणजे वंशपरंपरेने चालणारे पद आणि त्याचे हक्क. साधने मुख्यतः पुण्याच्या पेशवे दफ्तरातली, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या जुन्या कागदांच्या संग्रहातली.

कच्चा मसुदा:

"मला इतिहासाची मनापासून आवड आहे. मराठ्यांचा गौरवशाली इतिहास अस्सल साधनांच्या आधारे जगापुढे आणणे हे माझे ध्येय आहे. मला मोडी लिपी अवगत आहे. पेशवेकालीन न्यायव्यवस्था, सामाजिक इतिहास, आर्थिक इतिहास, स्त्रियांचा इतिहास आणि स्थानिक इतिहास हे माझ्या अभ्यासाचे विषय आहेत. विद्यार्थीकेंद्रित आणि संवादी पद्धतीने शिकवण्यावर माझा विश्वास आहे."

वाचताना हे कोणाचेही वाटते. मोडी किती येते हे नेमके कसे सांगायचे? आवड आणि प्रबंधाचा विषय यांत फरक कसा दाखवायचा? आणि शिकवण्याचा अनुभव फक्त ट्यूटोरियलचा असेल तर तिसऱ्या भागात काय लिहायचे?

---

दौत_बोरू:

पार्श्वभूमीबद्दल लिहितो, बाकीचे इतर जाणकार सांगतील.

पदव्या, टक्केवारी, सेट हे अर्जाच्या तक्त्यात येतेच. परिचयात ते दोन ओळींत आटपा. वाचणाऱ्याला इथे एवढेच बघायचे असते की हा उमेदवार दफ्तरात बसून, कोणाच्या मदतीशिवाय कागद वाचू शकेल का. तुमच्या विषयात त्याचे उत्तर मोडीवर ठरते आणि "मोडी अवगत आहे" एवढ्याने ते मिळत नाही.

शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन मोडी वाचायला वेगवेगळ्या आहेत. पेशवेकालीन वळण बोरूचे, गोलाई असलेले, त्यातल्या त्यात नीटस. इंग्रजी अमदानीत टाकाने घाईघाईत लिहिलेले कागद बरेचदा जास्त छळतात. प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमात बहुधा निवडक, स्वच्छ नमुने असतात. दफ्तरातल्या रुमालात (कागदांच्या कापडी गाठोड्यात) हात घातल्यावर कारकुनी टिपणे, हिशेबाचे बंद, फाटलेल्या कडा आणि पुसट शाई समोर येते. तेव्हा तीन गोष्टी लिहा: कोणत्या काळातली मोडी, कोणत्या जातीचे कागद (पत्रे, महजर म्हणजे सभेपुढे झालेल्या निवाड्याचे लेख, ताळेबंद, रोजकीर्द म्हणजे रोजचा जमाखर्च) आणि कुठे अडते. उदाहरणार्थ: "पेशवेकालीन मोडीतली निवाडपत्रे आणि महजर स्वतंत्रपणे वाचून लिप्यंतर करता येते, हिशेबी कागद वाचता येतात, पण आकड्यांची पडताळणी करावी लागते." असे वाक्य खरे वाटते, कारण त्यात मर्यादाही आहे.

आकड्यांचा उल्लेख मुद्दाम केला. हिशेबात । म्हणजे पाव, ॥ म्हणजे अर्धा, ॥। म्हणजे पाऊण. म्हणजे १२५॥ हे एकशे पंचवीस आणि अर्धा. पण तेच ॥ शब्दाच्या संक्षेपालाही येते: मौ॥ म्हणजे मौजे, प॥ म्हणजे परगणे, रा॥ म्हणजे राजश्री. नाव, गाव आणि रक्कम एका ओळीत आली की नवखा वाचक संक्षेपाची खूण रकमेला चिकटवतो आणि बेरीज चुकते. म्हणून पानाच्या शेवटी दिलेली बेरीज स्वतः करून बघायची. ती जुळली तरच वाचन बरोबर.

लिप्यंतराची तुमची पद्धतही एका वाक्यात द्या. मोडीत शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. प्रत्येक लिप्यंतर करणारा यावर काही निर्णय घेतो आणि पुष्कळ जण तो सांगतच नाहीत. "शब्द तोडले आहेत, शुद्धलेखन मुळाप्रमाणे ठेवले आहे, अंदाजाने वाचलेले अक्षर चौकोनी कंसात, फाटलेल्या जागी टिंबे" इतके पुरे. ज्याने हे काम केले आहे त्याला ही ओळ वाचताच तुमची तयारी कळते.

फारसीचे मोघम लिहू नका. कागदात फारसी शब्द ओळीओळीला भेटतात, पण ते मोडीत लिहिलेले. "फारसी परिभाषा परिचित, फारसी लिपी वाचता येत नाही" असे असेल तर तसेच लिहा. तुमच्या काळासाठी ते चालते. एखाद्या घराण्याचा दावा निजामशाही किंवा आदिलशाही खुर्दखतापर्यंत (सरकारी आज्ञापत्रापर्यंत) मागे जात असेल तिथे मात्र अडेल, आणि त्या ठिकाणी काय करणार हे मार्गदर्शकांशी आधीच बोलून ठेवा.

कोर्सवर्क सगळ्यांनाच करावे लागते. किमान १२ क्रेडिट आणि त्यात संशोधन-नीतीचा पेपर असतोच. त्याचा वेगळा उल्लेख फक्त एका कारणासाठी करावा: त्यातला एखादा निबंध प्रबंधाच्या प्रकरणाचा पाया झाला असेल तर.

---

गोतसभा:

दुसरा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि तुमच्या मसुद्यात तोच सगळ्यात पातळ आहे. पाच इतिहास एका वाक्यात आहेत: न्यायव्यवस्था, सामाजिक, आर्थिक, स्त्रियांचा, स्थानिक. वाचणारा यातून काहीच उचलत नाही. 'गौरवशाली' हा शब्दही काढा. जे सिद्ध करायचे ते आधीच ठरवून दफ्तरात आलेला संशोधक, अशी शंका त्याने येते.

विषय म्हणजे तुम्ही कशाबद्दल वाचता ते. आवड दिसते ती प्रश्नातून, आणि प्रश्न असा हवा की ज्याचे उत्तर 'नाही' असेही येऊ शकेल. वतनाच्या तंट्यांत तो समोरच आहे: निवाडा गोत (गाव-परगण्यातल्या लोकांची न्यायसभा) करत होते की सरकार, आणि शाहू महाराजांच्या कारकिर्दीपासून सवाई माधवरावांच्या काळापर्यंत त्यात काही बदल झाला का? शाहू महाराजांचा राज्यकाल १७०८ ते १७४९, थोरल्या माधवरावांचा पेशवेपदाचा १७६१ ते १७७२, सवाई माधवरावांचा १७७४ ते १७९५. या तीन टप्प्यांतले निवाडे एकमेकांशेजारी ठेवले की प्रश्नाला आकार येतो. रामशास्त्री प्रभुणे न्यायाधीश असतानाच्या काळात फिर्याद थेट पुण्यास नेण्याकडे कल वाढला का, हा त्याचाच पोटप्रश्न. आधी उत्तर गृहीत धरू नका.

मग त्या प्रश्नासाठी कोणता कागद काय सांगतो ते लिहा. इथे तुमचा विषय खरोखर श्रीमंत आहे.

करीना म्हणजे पक्षकाराने मांडलेली हकिगत: वतन मूळ कोणाचे, कसे आले, कोणी बळकावले. त्यात वंशावळ आणि गावाची आठवण सापडते, पण ती एका बाजूची. तकरीर म्हणजे जबानी. राजीनामा म्हणजे अमुक ठिकाणचा निवाडा मान्य करू असे आधी लिहून दिलेले, आणि त्याला जामीन. तंटा कोणापुढे न्यायचा याचे ठिकाण पक्षकार कसे ठरवत, हे राजीनाम्यातून कळते; तुमच्या प्रश्नाला तो सगळ्यात उपयोगी कागद आहे आणि सहसा त्याकडे दुर्लक्ष होते. महजरात हाजीर मजालसीतल्या, म्हणजे निवाड्याच्या सभेला हजर असलेल्या, लोकांची नावे आणि निशाण्या असतात. यजितखत, म्हणजे हार मान्य असल्याचा कागद, हरलेल्याने लिहून द्यायचे. जिंकणाऱ्याकडून सरकार हरकी घेई, हरणाऱ्याकडून गुन्हेगारी. या रकमांच्या नोंदी हिशेबी कागदांत वेगळ्या सापडतात, म्हणजे निवाडपत्र हरवले असले तरी तंटा झाल्याचा आणि तो सरकारात पोहोचल्याचा पुरावा मिळतो.

आता अडचणीचा भाग. तो परिचयात आला तर परिचयाचे वजन वाढेल.

पेशवे दफ्तर आज ज्या रचनेत आहे ती पेशव्यांची राहिलेली नाही. १८१८ नंतर दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढे १८५२ च्या ११ व्या कायद्याने इंग्रज सरकारच्या इनाम कमिशनला इनाम जमिनींवरचे दावे तपासण्याचे अधिकार मिळाले आणि त्या कामासाठी कागद चाळले, निवडले, लावले गेले. जमीन, इनाम आणि वतन यांच्या हक्काचे कागद सरकारला हवे होते. तेव्हा वतनाचे तंटे दफ्तरात भरपूर दिसतात म्हणून त्या काळचा गाव सतत भांडत होता, असे म्हणता येत नाही. कर्ज, मारामारी, घरगुती वाद यांचे कागद त्या मानाने कमी दिसले, तर त्याचे कारण समाजात शोधण्याआधी दफ्तराच्या रचनेत शोधा.

महजराचेही तसेच. तो जिंकणाऱ्याच्या घरी जपला जाई, कारण पुढच्या तंट्यात तोच उपयोगी. हरलेल्याला कागद सांभाळण्याचे कारण नव्हते. "आमचे कागद धामधुमीत गेले" असे करीन्यांत वारंवार येते. ते कधी खरे, कधी सोयीचे. खोट्या महजराचे आरोपही त्याच कागदांत आहेत. म्हणून एका तंट्याचे दोन्ही करीने मिळतील अशीच प्रकरणे मुख्य नमुना म्हणून घ्या. संख्या कमी होईल, पण उलटतपासणी करता येईल.

छापील साधने वापरणार असाल तर कशासाठी, ते सांगा. गो. स. सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड मुख्यतः राजकीय घडामोडी डोळ्यांपुढे ठेवून निवडलेले आहेत. गणेश चिमणाजी वाडांनी पेशव्यांच्या रोजनिशीतून काढलेले उतारे न्यायनिवाड्यासाठी फार उपयोगी, पण तेही उतारेच. या दोन्हींतून परिभाषा शिका, प्रकरणांचा माग काढा. त्यांतून टक्केवारी मात्र काढू नका, कारण निवड संपादकाची आहे.

आणखी दोन गोष्टी झटपट. 'प्रांत जुन्नर' म्हणजे आजचा जुन्नर तालुका नव्हे. तर्फांची (प्रांताच्या पोटविभागांची) नावे कागदातल्याप्रमाणे द्या आणि पुढे आजचा तालुका लिहा. आणि शोधगंगेवर (भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात) शीर्षक मराठीत, इंग्रजीत आणि 'वतन', 'वतनदारी', 'निवाडे', 'गोतसभा' अशा वेगवेगळ्या शब्दांनी शोधून बघा. एकाच शब्दाने शोधल्यामुळे आधीचा प्रबंध नजरेतून सुटतो आणि मौखिक परीक्षेत तोच प्रश्न येतो.

---

जंत्री:

वरच्या दोघांनी बरेच सांगितले आहे. मी फक्त तारखांबद्दल लिहितो, कारण परिचयात त्याची एक ओळ हवी असे माझे ठाम मत आहे.

पानिपतची तारीख घ्या. शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार; शुहूर सन (मराठी कागदांत अरबी अंकशब्दांनी लिहिला जाणारा सन) इहिदे सितैन मया व अलफ; १४ जानेवारी १७६१. इहिदे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००, म्हणजे शुहूर ११६१. हा सन मृग नक्षत्रापासून, म्हणजे जूनच्या सुरुवातीपासून, सुरू होतो. म्हणून मृग ते डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे आणि जानेवारी ते पुढचे मृग ६०० मिळवायचे. पानिपत जानेवारीतले, म्हणून ११६१ अधिक ६००. फसली सनाला (महसुली वर्षाला) याच पद्धतीने ५९० किंवा ५९१. शकात ७८, आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९.

चुका ठरलेल्या जागी होतात. सित ६ आणि सितैन ६०, सबा ७ आणि सबैन ७०, तिसा ९ आणि तिसैन ९०: अक्षर पुसट असेल तर इथे पन्नास ते ऐंशी वर्षांची गफलत होते. शतकाचा शब्द कधी गाळलेला असतो. तेव्हा शिक्का, पेशव्याचे नाव किंवा अधिकाऱ्याचे नाव यावरून शतक ठरवा. 'छ' हे चंद्राचे चिन्ह, त्यापुढची तारीख मुसलमानी महिन्याची. तिथी आणि वार दोन्ही दिले असतील तर जंत्रीत (कालगणनांच्या तुलनात्मक कोष्टकात) दोन्ही जुळतात का ते पाहा. वार जुळत नसेल तर आधी आपले वाचन तपासा, कागदाला खोटे नंतर म्हणा.

मुंबईकर इंग्रजांची पत्रे वापरणार असाल तर सप्टेंबर १७५२ पर्यंत ते जुनी कालगणना वापरत: सतराव्या शतकात १० दिवसांचा फरक, अठराव्यात ११. पोर्तुगीजांनी नवी कालगणना १५८२ मध्येच घेतली. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही जुन्या पद्धतीची तारीख आहे, नव्या पद्धतीने ती १६ जून येते. इंग्रजांचे वर्षही तेव्हा २५ मार्चला बदले. त्यामुळे त्यांच्या जानेवारी-फेब्रुवारीच्या पत्रावरचे साल एकाने मागे असू शकते.

परिचयात एवढे लिहा: "तारखा मूळ स्वरूपात दिल्या असून रूपांतर जंत्रीवरून तपासले आहे." प्रबंधातही मूळ तारीख आधी आणि रूपांतर नंतर. उलटे केले की चूक झाल्यास वाचकाला ती शोधता येत नाही.

---

फळा_खडू:

तिसऱ्या भागाबद्दल.

'विद्यार्थीकेंद्रित', 'संवादी', 'चिकित्सक विचारशक्ती' हे शब्द प्रत्येक अर्जात असतात. ते काढून त्या जागी एक तास लिहा. वर्ग कोणता, किती मुले, कोणता कागद, कोणता प्रश्न, शेवटी मुलांच्या हातात काय. भूमिका त्यातूनच दिसते.

तुमच्या विषयातून तास असा बांधता येईल. बी.ए. तिसरे वर्ष, चाळीस विद्यार्थी, पन्नास मिनिटे. एकाच तंट्याचे तीन कागद घ्या: वादीचा करीना, प्रतिवादीचा करीना, निवाडा. प्रत्येकातला पंधरा ते वीस ओळींचा भाग, देवनागरी लिप्यंतरात, शब्द तोडून, पण शुद्धलेखन जुनेच ठेवून. सोबत मूळ मोडीतल्या पहिल्या तीन ओळींचे छायाचित्र, म्हणजे आपण वाचतो आहोत तो कोणीतरी वाचून दिलेला मजकूर आहे याचे भान राहते. शब्दार्थ दहा-बारा, जास्त नकोत. तीस शब्द दिले की मुले कागद सोडून यादी पाठ करतात.

पहिली दहा मिनिटे प्रत्येकाने एकट्याने वाचायचे आणि तीन गोष्टींभोवती गोल करायचा: कोण लिहितो, कोणाला, कधी. पुढची पंधरा मिनिटे गट. अर्ध्या गटांना वादीचा करीना, अर्ध्यांना प्रतिवादीचा. दावा कशाच्या जोरावर आहे ते नोंदवायचे: जुना कागद, साक्षीदार, प्रत्यक्ष वहिवाट की दिव्य (शपथपूर्वक दिलेली जिवावरची परीक्षा) करण्याची तयारी. मग पंधरा मिनिटे दोन्ही बाजू फळ्यावर. निवाडा अजून द्यायचा नाही. तुम्ही गोतात बसला असता तर आणखी काय विचारले असते, हे मुलांकडून घ्यायचे. शेवटच्या दहा मिनिटांत निवाडा वाटायचा आणि गोताने कोणता पुरावा मानला, कोणता नाही, हे बघायचे.

निवाडा आधी दिला की तास फुकट जातो. मग मुले दोन्ही करीने निकालाच्या उजेडात वाचतात आणि हरणारा पहिल्यापासून खोटारडा ठरतो. दुसरी नेहमीची अडचण आजच्या अर्थांची: राजीनामा वाचला की कोणीतरी नोकरी सोडल्याचे मुलांना वाटते, गुन्हेगारी म्हटले की चोरी-दरोडा. हे दोन शब्द यादीत सर्वांत वर ठेवा. तिसरी अडचण दिव्याची. उकळत्या तेलातून वस्तू काढण्याचा उल्लेख आला की 'अंधश्रद्धा' म्हणून वर्ग मोकळा होतो. तिथे प्रश्न बदला: दिव्य कधी मागितले गेले? कागद आणि साक्षी यांनी निकाल लागत नसताना. आणि कोणी मागितले, कोणी टाळले? एवढे विचारले की चर्चा पुन्हा पुराव्यावर येते.

महजराच्या शेवटच्या निशाण्यांवर वेगळा तास होऊ शकतो. कुणब्याची निशाणी नांगर, वाण्या-शेट्याची तराजू. लिहिता येणारे आणि न येणारे दोघेही त्या कागदाला बांधील आहेत. कोण बोलावले गेले आणि कोण नाही, यादीत कोणाचे नाव शेवटी आहे, हे मुलांना मोजू द्या. बाईचे नाव आले तर ते कोणाच्या नात्याने आले तेही.

आता नाजूक बाजू, आणि ती भूमिकेत लिहायला हवी. या कागदांत जातींची नावे आणि अपमानकारक उल्लेख असतात. गावे आणि आडनावे तर वर्गातल्या मुलांचीच निघतात. "हा आमचा पूर्वज, आणि तो हरला?" असा सूर लागला की कागद बाजूला पडतो. म्हणून पहिला कागद विद्यार्थी ज्या भागातले आहेत त्याच्या बाहेरचा घ्या. नावे बदलू नका, ते साधनाशी अप्रामाणिक होईल. उल्लेख गाळू नका, पण आधी सांगा की असे शब्द येणार आहेत आणि ते लिहिणाऱ्याची जागा दाखवतात.

वतन म्हणजे मान, असा एक समज मुले घरून घेऊन येतात. तो मोडायला विसाव्या शतकापर्यंत यावे लागते. महार वतनाच्या जाचाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. परगणा आणि कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने, पाटीलकी १९६२ च्या. ज्या हक्कासाठी अठराव्या शतकात दिव्य केले, तोच सांगाडा दुसऱ्या टोकाला कोणासाठी बेगार होता, हे एकाच अभ्यासक्रमात दाखवता येते. पेशवाईचा पेपर १८१८ ला बंद करणाऱ्या शिक्षकाला ते जमत नाही. ही तुमची भूमिका असेल तर स्पष्ट लिहा. माझ्या मते तुमच्या विषयातून निघणारी हीच सगळ्यात भक्कम भूमिका आहे.

मूल्यमापन विसरू नका, बहुतेक अर्जांत ते नसतेच. वीस गुणांची चाचणी: न पाहिलेला दहा ओळींचा उतारा, चार प्रश्न, प्रत्येकी पाच. लिहिणारा कोण आणि त्याला काय हवे आहे. तो कशाच्या आधारे बोलतो. दुसऱ्या बाजूने काय म्हटले असते. या कागदातून काय कळू शकत नाही. उत्तराला उताऱ्यातल्या ओळीचा आधार दिला तरच पूर्ण गुण, हे आधी सांगायचे. चौथ्या प्रश्नाला पहिल्या वेळी कोरी जागा येते. म्हणून गुण न देता वर्गात एकदा सराव घ्या.

अनुभवाचे म्हणाल तर ट्यूटोरियल हा अनुभवच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीप्रमाणे पीएचडीच्या विद्यार्थ्याला विषयाच्या अध्यापनाचे प्रशिक्षण घ्यावेच लागते, आणि आठवड्याला ४ ते ६ तासांचे ट्यूटोरियल, प्रयोगशाळा किंवा मूल्यमापनाचे काम देता येते. पेपरचे नाव, वर्ग, गटातली विद्यार्थीसंख्या आणि तुम्ही नेमके काय केले ते लिहा. विभागप्रमुखांच्या सहीची तासांची नोंद आत्ताच घेऊन ठेवा, दोन वर्षांनी ती मिळवणे कठीण जाते.

---

शिवनेरी_वाचक:

सगळ्यांचे मनापासून आभार. गाभ्याचा भाग पुन्हा लिहिला आहे:

"पेशवेकालीन मोडीतली निवाडपत्रे, करीने आणि महजर मी स्वतंत्रपणे वाचून लिप्यंतरित करते, हिशेबी कागद बेरीज पडताळून वापरते. फारसी परिभाषा परिचित आहे, लिपी नाही. प्रांत जुन्नरमधल्या वतनाच्या तंट्यांत निवाड्याचे ठिकाण कोण ठरवत होते आणि १७०८ ते १७९५ या काळात ते गोताकडून सरकारकडे सरकले का, हा माझा प्रश्न आहे. त्यासाठी राजीनामे आणि हरकी-गुन्हेगारीच्या नोंदी एकत्र वाचते. दफ्तराची आजची रचना इनाम कमिशनच्या कामातून आलेली असल्याने कागदांच्या संख्येवरून तंट्यांचे प्रमाण ठरवत नाही. गोतसभेच्या लोकशाही परंपरेचा अभ्यास यातून पुढे जाईल. वर्गात मी एका तंट्याच्या दोन्ही बाजू आधी आणि निवाडा शेवटी देते, जेणेकरून विद्यार्थी निकालाऐवजी पुरावा वाचतील."

---

गोतसभा:

खूपच चांगले झाले. एक वाक्य काढा: "गोतसभेच्या लोकशाही परंपरेचा". गोतात कोण बसत होते आणि कोण दाराशी उभे होते, हेच तुम्हाला शोधायचे आहे. उत्तर त्या विशेषणात आधीच देऊन टाकलेत. त्या जागी "गोतात कोणाला जागा होती हे महजरांतल्या नावांवरून तपासते" असे लिहा, म्हणजे निशाण्यांच्या तासाशीही दुवा जुळेल.

शिवाय 'सरकले का' या प्रश्नासाठी तीन टप्प्यांतली प्रकरणे साधारण सारख्या संख्येने लागतील. सुरुवातीच्या काळाचे कागद कमी पडले तर शाहू दफ्तराचे (शाहू महाराजांच्या काळच्या कागदांचे) रुमाल बघा. टिपण करताना रुमाल क्रमांक आणि पुडक्याचा क्रमांक त्याच वेळी लिहा. छायाचित्र परवानगीने घेतले तर पहिले छायाचित्र त्या क्रमांकाच्या चिठ्ठीचे असू द्या. नंतर हजार छायाचित्रांतून एका महजराचा रुमाल ओळखता येत नाही, आणि संदर्भ न देता येणारा कागद प्रबंधात वापरता येत नाही.

---

फळा_खडू:

अध्यापनाचे वाक्य छान उतरले आहे, पण एकच आहे. दोन पानांत त्याला निदान अर्धे पान द्या. मूल्यमापन आणि १९५० पासूनच्या कायद्यांपर्यंत जाण्याची भूमिका त्यात यायला हवी. जागा कमी पडत असेल तर पदव्यांचा परिच्छेद कापा.

मुलाखतीला जाताना एका महजराची मोडी प्रत आणि शेजारी तुमचे लिप्यंतर असा एक कागद, चार-पाच प्रती, सोबत ठेवा. स्वतंत्र वाचता येते असे लिहिले की "मग हे वाचा" असे समोरून येऊ शकते. तेव्हा पहिल्या दोन ओळी वाचून लगेच तारीख उलगडून दाखवा, अडलेले अक्षर कुठे आहे तेही दाखवा, आणि तोच कागद वर्गात कोणत्या प्रश्नाने उघडाल ते सांगा.